निळ्या दोऱ्याचा बंद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घरी बसून किराण्याच्या पिशव्या शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या शिवणाच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो उद्या ज्याचे ऑपरेशन आहे त्या हृदयामुळे, कुणाच्या धाकाने नव्हे. मला कोणी भूल दिलेली नाही, ती उद्या सकाळी आठला देणार आहेत. कोणी कानाशी बसून मजकूर सांगत नाही. घरात मी एकटी आहे, आणि एकटी आहे तोवरच हे लिहून व्हायला हवे.

आत्ता दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मोठा मुलगा आणि मोठी सून उद्याचे कागद करायला दवाखान्यात गेली आहेत, पाचपर्यंत येतो म्हणाली आहेत. सगळ्यांची पूर्ण नावे मागच्या पानावर आहेत. इथे मात्र मी ज्याला घरात जे म्हणते तेच म्हणणार, नाहीतर वाचताना मलाच कोर्टात उभे राहिल्यासारखे वाटेल.

कलम एक. तीन महिन्यांपूर्वी छातीत दुखून मला पहिल्यांदा दवाखान्यात ठेवले, तेव्हा मोठ्या मुलाने एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे धरला आणि मी त्यावर सही केली. तो कागद मी आज रद्द करते. त्यात सगळे घर मोठ्याच्या नावावर केले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोटचा मुलगा आहे. पण त्यात एक वाक्य असे आहे की, "धाकट्या सुनेच्या हलगर्जीपणामुळे माझ्या पतीचा जीव गेला, सबब तिला काहीही देऊ नये." हे वाक्य खोटे आहे. सही करताना मला ते माहीत होते. तरी का केली, ते कलम सातमध्ये सांगेन. आधी सोपी कामे उरकते.

कलम दोन. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मोठ्याला द्यावे. शिवणाची खोली, जिला जिन्याकडे स्वतःचे वेगळे दार आहे, ती धाकटीला द्यावी. त्या दारापुढे मोठ्या सुनेने चपलांचे कपाट ठेवले आहे, ते हलवावे लागेल. ठेवले त्याच दिवशी मी सांगितले होते की दार हे दार असते, भिंत नव्हे. माझे कोणी ऐकले नाही.

धाकटी म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची बायको. लग्नाला दोन वर्षे होत होती तेव्हा तो तापाचे निमित्त होऊन गेला. ती सत्तावीस वर्षांची होती. मी तिला म्हटले, माहेरी जा, तुझे वय आहे. ती म्हणाली, "जाईन आई, आधी एवढ्या पिशव्या होऊ द्या." त्या पिशव्या नऊ वर्षे चालल्या. मग आम्ही तिला घालवले. त्याला येत्या महिन्यात सहा वर्षे होतील.

कलम तीन. मशीन. काळे, लोखंडी, पायाने चालवायचे मशीन, त्याच्या अठरा नंबरच्या सुयांसकट, तेलाच्या बुधलीसकट, सगळ्या बॉबिन आणि रिळांसकट, धाकटीला. मोठ्याला हे मशीन भंगारात द्यायचे आहे, कारण त्याच्या आवाजाने त्याचे डोके दुखते. जाड कापडाचे चार पदर बिनतक्रार शिवणारे मशीन आता बाजारात मिळत नाही. माणसातही असे मिळत नाही.

या मशीनवर आम्ही दोघी शिवत होतो. सकाळी ती बसायची, दुपारी मी. जी बसेल तिने आपले रीळ लावायचे असा नियम होता: माझा दोरा लाल, तिचा निळा. हा नियम माझाच. एखादी पिशवी परत आली तर कुणाच्या हातची ते लगेच कळावे आणि उगाच दोघींत धुसफूस होऊ नये, एवढाच माझा हेतू होता. आज तो हेतू आठवला की माझी मलाच चीड येते.

पिशवीचे सगळे बळ बंदात असते. कापड फाटत नाही, बंद सुटतो. म्हणून प्रत्येक बंदाच्या टोकाला आम्ही चौकट शिवायचो आणि चौकटीत फुली. चौकट-फुलीला वेळ लागतो, दोरा लागतो, पण त्या बंदाला तुम्ही दहा किलो बटाटे लावा नाहीतर लहान मूल लावा. शेवटी दोरा सुटू नये म्हणून उलटे टाके घ्यायचे. मी तीन घेते. तिला शिकवतानाही सांगितले होते, तीन पुरे. ती चार घ्यायची. म्हणायची, "मनाला बरं वाटतं, आई." मला तो तिचा आगाऊपणा वाटायचा.

तपासायचे काम ह्यांचे. नोकरीतून सुटल्यावर ह्यांना दुसरा उद्योग नव्हता. पिशवीत विटा भरायच्या, दाराच्या खुंटीला अडकवायची, खालून दोन हिसके द्यायचे आणि "पास" म्हणायचे. पन्नास पिशव्या असल्या तर पन्नास वेळा "पास". मी म्हणायचे, मनातल्या मनात म्हणा हो, पिशवीला ऐकू येत नाही. ते म्हणायचे, तुला तर येतं! तपासलेल्या पिशव्या खिडकीत रचायच्या, न तपासलेल्या खुर्चीवर. त्यात कधी चूक झाली नाही. एकदा झाली.

कलम चार. मोठी कात्री. ही धाकटीला. मोठ्या सुनेने या कात्रीने कागद कापले, एकदा झिपऱ्या छाटल्या, आणि एकदा माशाचे पर कापताना मी तिला प्रत्यक्ष पकडले. तिला माझा दुसरा काही राग नाही. ती मला वेळेवर गोळ्या देते, पाय चेपून देते. तिला माझे लोकरीचे पांघरूण, दोन्ही चांगली पातेली आणि माझा आशीर्वाद द्यावा. कात्री देऊ नये.

कलम पाच. बँकेत जे काही असेल ते निम्मे मोठ्याला, निम्मे धाकटीला. दवाखान्याचे आधी भागवावे.

पावणेतीन झाले. खालचा किराणावाला वर येऊन गेला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचे दुकान आहे आणि आमच्या पिशव्या वीस वर्षे तोच विकतो. धाकटी आता गावाच्या दुसऱ्या टोकाला बॅगांच्या कारखान्यात शिवायला जाते, तिचा नंबर फक्त त्याच्याकडे आहे. सकाळी मी त्याला सांगितले होते, तिला म्हणावे आईने चारला बोलावले आहे.

"केला का फोन?"

"केला काकू."

"मग? काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, उद्या ऑपरेशन आहे. तर म्हणाली, माहीत आहे. मग परत म्हणाली, बघते."

ऑपरेशनचे तिला कसे माहीत, ते मी त्याला विचारले नाही. त्यानेच सांगितले असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. तरी साक्षीदार म्हणून त्याच्याइतका खरा माणूस मला ठाऊक नाही. साडेचारला दुकान मुलीवर सोपवून येतो म्हणाला.

कलम सहा. नाक्यावरचा शिंपी. याने माझ्या पिशवीचा कागदी नमुना उसना नेला, परत आणून दिला आणि महिन्याभरात तशाच पिशव्या विकायला काढल्या. त्या पिशव्यांना तो चौकट शिवतो आणि फुली सोडून देतो. मी त्याच्याशी अकरा वर्षे बोललेली नाही. मी गेल्यावर तो भेटायला येईल, रडेलही. त्याला पाणी द्यावे आणि माझ्या वतीने एवढेच सांगावे की फुली घाल. त्याच्यावर माझा राग का आहे, हे मला पुढचे कलम लिहिताना जास्त नीट कळणार आहे.

कलम सात. उठून पाणी प्यायले, मशीनला तेल घातले, खिडकीतून दोनदा खाली पाहून आले. आता टाळण्यासारखे काही उरले नाही. लिहिते.

त्या दिवशी किराणावाल्याला संध्याकाळपर्यंत पन्नास पिशव्या हव्या होत्या. धाकटीने सकाळी तीस शिवल्या आणि ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. दुपारी मी बसले. मशीनवर तिचे निळे रीळ होते. ते काढून लाल लावायचा मला कंटाळा आला. नियम माझा, आणि मोडला मीच. सोळा पिशव्या नीट झाल्या. शेवटच्या चार उरल्या तेव्हा बॉबिनमधला खालचा दोरा संपत आला. बॉबिन काढा, भरा, परत बसवा, ते माझ्या जिवावर आले. म्हणून त्या चार पिशव्यांच्या बंदांना मी चौकट शिवली नाही, फुली शिवली नाही. नुसती एक आडवी टीप मारली आणि शेवटी माझे तीन उलटे टाके घेतले. मनात होते की धाकटी आली की तिला नव्या बॉबिनवर पक्क्या करायला सांगू. खुर्चीवर कापडाचा गठ्ठा पडला होता, म्हणून त्या चार पिशव्या मी खिडकीत ठेवल्या.

हे खाली सामान आणायला निघाले. खिडकीतली म्हणजे तपासलेली. त्यांनी वरचीच उचलली.

सामान घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बंद सुटला. पिशवीत तेलाची काचेची बाटली होती. ती पायरीवर फुटली, ह्यांचा पाय त्या तेलावरून गेला. आवाज इथपर्यंत आला. कंबरेचे हाड मोडले, ते पुन्हा उभे राहिले नाहीत आणि आठ महिन्यांनी गेले.

मोठा त्यांना दवाखान्यात पोचवून संध्याकाळी परत आला. त्याच्या हातात तो सुटलेला बंद होता. धाकटी तेव्हा इथेच, मी आत्ता बसले आहे तिथे उभी होती. त्याने बंद तिच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "निळा दोरा. बघ, निळा आहे." तिने तो उचलला. टोकावरून अंगठा फिरवला. मला दिसले, ती टाके मोजत होती. तीन. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले.

तेव्हा मी गप्प बसले असते तरी एक वेळ चालले असते. मी बोलले. मी म्हणाले, "असू दे रे, होतं माणसाकडून घाईत." तिला सांभाळून घेतल्यासारखे बोलले. मोठ्याला वाटले आई किती मोठ्या मनाची. त्याच संध्याकाळी उरलेल्या तीन पिशव्या मी उसवल्या आणि लाल दोऱ्याने, चौकट-फुलीसकट, नीट शिवून काढल्या.

पुढचे आठ महिने मोठ्याने बापाला उचलून न्हाऊ घातले, उचलून जेवायला बसवले. ह्यांनी तो बंद एकदाही पाहायला मागितला नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे माझे टाके तपासले, त्याने मागितला नाही. त्यांना कळले होते की नाही, ते मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. ते गेल्यानंतर महिन्याभराने मोठा धाकटीला म्हणाला, "तुला बघितलं की मला जिना दिसतो. तू जा." ती गेली. जाताना तिने काहीच सांगितले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या दिवसापासून मोठ्याने आमच्या एकाही पिशवीला हात लावलेला नाही. सामान आणतो ते खोक्यात घालून, छातीशी धरून आणतो.

आणि तीन महिन्यांपूर्वी त्या टाइप केलेल्या कागदावर मी सही केली, कारण सही केली नसती तर त्याने का म्हणून विचारले असते. बास. हे माझे कलम सात. दोष माझा आहे, पूर्ण माझा आहे, धाकटीचा त्यात एक टाकाही नाही.

कलम आठ. तो बंद मी जपून ठेवला आहे. बटणांच्या डब्यात, तळाशी आहे. तो मोठ्याला द्यावा.

साडेतीन. शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. दुसऱ्या साक्षीदार त्याच. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही माझीच आहे एवढे पाहावे लागते, हे मी त्यांना दोनदा सांगितले. पण चाळीस वर्षे वह्या तपासलेली बाई ती, कागद दिसला की पेन काढते. दोन ठिकाणी वेलांटी सुधारली आणि कलम सातवर येऊन थांबली. शेवटपर्यंत वाचले. चष्मा काढला.

"हे त्यांना कधी कळणार?"

"मृत्युपत्र आहे. मी गेल्यावर."

"म्हणजे तो ओरडेल तेव्हा तुम्ही नसणार. ती रडेल तेव्हाही तुम्ही नसणार. छान सोय केलीत हो स्वतःची."

मला राग आला. मी म्हणाले, उद्या माझी छाती उघडणार आहेत, आज मला ओरडा खायची ताकद नाही. आज हे सांगितले आणि तो मला सोडून गेला तर उद्या दवाखान्यात सही कोण करणार? त्या म्हणाल्या, "तिलाही त्या दिवशी ताकद नव्हतीच. मी साडेचारला परत येते." आणि गेल्या. लिहिता लिहिता माझे दात दुखायला लागले इतके मी ते आवळून बसले होते.

चार वाजले. धाकटी आलेली नाही.

सव्वाचार. जिन्यात पावले वाजली. आमच्या जिन्यावरची पावले मला बघावी लागत नाहीत. मोठा दोन दोन पायऱ्या चढतो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो. सहा वर्षे रोज थांबतो. आत्ताही थांबला. तो लवकर आला आहे. हा कागद मशीनच्या खणात टाकायला मला अजून अर्धे मिनिट आहे. टाकणार नाही.

इथून पुढचे पाऊण तासाने लिहीत आहे. ही पुरवणी समजावी आणि मृत्युपत्राचाच भाग धरावा.

मोठा एकटाच आला. मोठी सून दवाखान्यातच थांबली होती. त्याने दार ढकलले, कडी लागलेली पाहून हाका मारल्या. मी उघडले.

"कडी का लावलीस? मला केवढी भीती वाटली! आणि हे काय लिहीत बसलीयस? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना?"

मी म्हणाले, "बस. तुला एक वाचून दाखवायचंय. मध्ये बोलू नकोस, मला परत धीर होणार नाही."

कलम सात मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो उभाच होता. संपल्यावर म्हणाला, "परत वाच."

मी परत वाचले. मग बटणांचा डबा उपडा केला आणि बंद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"तीन आहेत का चार, मला काय कळतंय यातलं?"

"मला कळतं. म्हणून तर सांगतेय."

"तुला तेव्हाही कळत होतं."

"हो."

"मी तिला काय काय बोललो, आई. आठ महिने. जेवायच्या ताटावर बोललो. आणि तू तिथेच बसून वाढत होतीस."

मी "हो," एवढेच म्हणाले. तो आणखी ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने बंद मुठीत घेतला आणि बाहेर पडला, दार उघडे टाकून. पावले एक मजला खाली गेली आणि वळणावर थांबली. पुढे गेली नाहीत, वरही आली नाहीत.

मी खुर्चीवर बसले. छातीत धडधडत होते. उद्यापर्यंत थांब, म्हटले तिला.

थोड्या वेळाने खालून दुसरी पावले वर येऊ लागली. हळू, एकेक पायरी, चप्पल घासत. सहा वर्षांनी ऐकली तरी ओळखली. तीही वळणावर थांबली. तिथे ते दोघे होते आणि मी वर खोलीत कान देऊन बसले होते. बोलण्याचा आवाज आला नाही. निदान मला आला नाही. मग चप्पल पुन्हा घासत वर आली.

धाकटी दारात उभी राहिली. केसांत पांढरे आले आहेत. बोटांना कारखान्यातल्या रंगाचे डाग होते. तिच्या हातात तो बंद होता.

"भाऊजींनी दिला," ती म्हणाली.

"काही बोलला?"

"नाही. हात पुढे केला नुसता."

मला तिच्यासाठी चार चांगली वाक्ये तयार करायची होती. त्यातले एकही आले नाही. मी विचारले ते हे: "तू त्या दिवशी टाके मोजलेस. तुला कळलं होतं. मग बोलली का नाहीस गं?"

ती बंदाकडे बघत राहिली. "तुम्ही बोलाल म्हणून," ती म्हणाली. "आधी वाटलं त्याच संध्याकाळी बोलाल. मग वाटलं बाबा घरी आले की. मग वाटलं मी निघाले की तरी अडवाल. भाड्याच्या खोलीवर गेल्यावरसुद्धा वर्षभर दार वाजलं की वाटायचं आई आल्या."

मी रडले. हे कायद्याच्या कागदात लिहायची गरज नाही, पण झाले ते झाले. चूक झाली, मी तिला म्हणाले, फार मोठी झाली, मला माफ कर. तिने माफ केले असे म्हटले नाही. नाही केले असेही म्हटले नाही. मी पुन्हा विचारले नाही, तेवढे तरी मला कळते.

मशीनचे आणि खोलीचे सांगितले तर म्हणाली, "ते नंतर बघू." तेवढ्यात तिचे लक्ष दारामागच्या खुंटीकडे गेले. तिथे उद्याची दवाखान्याची पिशवी भरून अडकवली आहे: दोन कपडे, टॉवेल, तांब्या, औषधांची फाइल, चष्म्याचे घर. ती मी कालच नवी शिवली. जवळ जाऊन तिने बंदाला बोट लावले.

"हे काय? फुली वाकडी आहे. आणि इकडे तर चौकट जुळलेलीच नाही."

"हात थरथरतो गं."

"मग ही घेऊन जिना उतरणार होतात?"

तिने पिशवी रिकामी केली. मशीनच्या खणातून ब्लेड काढले, कुठे असते ते तिला सांगावे लागले नाही. दोन्ही बंद उसवले. खालच्या खणात निळे रीळ होते. ते मी टाकून दिले नव्हते, वापरलेही नव्हते. वरच्या दोन पदरांचा दोरा धुळीने काळा झाला होता, तेवढा तिने ओढून तोडला आणि रीळ लावले. बॉबिन काढून पाहिली. अर्धी होती. तरी ती उठली आणि बॉबिन पूर्ण भरून घेतली. ते बघताना मला शरमेने मान खाली घालावी लागली.

मशीन चालू झाले आणि थोड्या वेळाने किराणावाला आणि मास्तरीणबाई दारात आले. किराणावाला म्हणाला, "मोठे खाली वळणावर बसलेत, पायरीवर. मी म्हटलं चला वर, तर म्हणाले मशीनचा आवाज थांबू दे."

साक्षीदारांसमोर सही करायची म्हणून मी पेन घेतले. मास्तरीणबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष द्यायची नसते, तेव्हा धाकटीचे नाव खाली नको. धाकटी मान वर न करता म्हणाली, "मला कुठे सही करायचीय? मला काम आहे." चौकट झाली, फुली झाली. शेवटी उलटे टाके. मी कान देऊन मोजले. चार.

मशीन थांबले. थोड्या वेळाने जिन्यातून पावले वर आली, या वेळी एकेक पायरी. मोठा आत आला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, धाकटीकडेही नाही. तिने पिशवी पुन्हा भरली होती आणि दाराशी उभी करून ठेवली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. मी विटांकडे बोट दाखवणार होते, पण त्याला त्या नको होत्या. त्याने दोन्ही बंद एका मुठीत धरले आणि हिसका दिला. एक. मग दुसरा, अगदी ह्यांच्यासारखा, खांद्यापासून.

"पास" म्हणाला नाही. पिशवी खांद्याला अडकवली आणि विचारले, "उद्या सकाळी किती वाजता निघायचंय?" ते त्याने कुणाला विचारले ते मला कळले नाही. उत्तर धाकटीने दिले. "सहाला. मी सहाच्या आधी येते."

कलम नऊ, शेवटचे. वरील पुरवणीत जे घडले त्यामुळे कलम आठ बदलावे लागत आहे. तो बंद आता मोठ्याकडे नाही, धाकटीकडे आहे, आणि त्याने स्वतःच्या हाताने तिला दिला आहे. तो तिच्याकडेच राहावा. बाकीची कलमे तशीच ठेवावीत. मी उद्या टेबलावरून उठले तरी त्यातले एक अक्षर मी मागे घेणार नाही. चपलांचे कपाट आजच हलवावे.

वरचे सगळे वाचून, दोन ठिकाणी दुसऱ्याने सुधारलेल्या वेलांटीसकट मान्य करून, मी खाली सही करते.

(सही) पिशवीवाली, थरथरत्या पण स्वतःच्या हाताने

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा किराणावाला. मी मजकूर वाचलेला नाही. मात्र जिन्यात उभा होतो, बरेचसे ऐकू आले, ते खरे आहे.

साक्षीदार दुसरी: शेजारची निवृत्त मास्तरीण. मी मजकूर वाचला आहे. सही माझ्यासमोर झाली.

ठिकाण: शिवणाची खोली, तिसरा मजला
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच